एका वेळी एकच बदल

रामटेके सरांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि मला त्यांचा अजून राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आपल्याकडे मानतात, आणि मीही मानते. पण संध्याकाळी ग्रंथालयाच्या खिडक्या लावताना समोर संगणक विभागाचं दार दिसतं आणि मनात पहिलं वाक्य येतं ते, ‘सर, तेव्हाच नागपूरला गेला असतात तर काय बिघडलं असतं?’ दुःख येतं, पण त्याच्यामागून येतं.

आदिलाबादच्या एका खासगी डिग्री कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. उत्तम रामटेके तिथे संगणक विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे वायर ओढणं, उंदरांनी कुरतडलेल्या केबल बदलणं आणि प्राचार्यांची बोलणी खाणं हेही त्यांच्याकडेच होतं. उंच, किडकिडीत, बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या. गुडीहत्नूरहून रोज बसनं यायचे. एम.एस्सी. होते आणि ते विसरू देत नसत. कोणी त्यांना ‘कॉम्प्युटरवाले’ म्हटलं की वळून बघायचेसुद्धा नाहीत.

त्यांचा एक नियम होता: एका वेळी एकच बदल. काही बिघडलं की एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, नाही झाला तर ती होती तशी करायची आणि मग दुसरी. नियम चांगला आहे, मला पटतो. पण सरांनी तो संगणकापुरता ठेवला नव्हता. आमच्या कँटीनचा चहा वाईट असायचा. सगळे कुरकुरत प्यायचे. सरांनी कँटीनवाल्या यादगिरीला बोलावून सांगितलं, आठ दिवस फक्त दूध बदल. पुढचे आठ दिवस जुनं दूध आण आणि फक्त पत्ती बदल. मग साखर. बिचाऱ्या यादगिरीनं महिनाभर ते केलं. महिन्याच्या शेवटी चहा होता तसाच होता. सर पेला खाली ठेवून म्हणाले, “म्हंजे दोष पाण्याचा हाय.” पाणी कॉलेजच्या टाकीचं. ते कोण बदलणार? पण सरांचं समाधान झालं होतं. दोष सापडला, एवढं त्यांना पुरे होतं. चहा ते तोच पीत राहिले.

दुसरी त्यांची चीड म्हणजे मशीन बंद करून पुन्हा चालू करणं. ऑफिसात कोणाचं काही अडकलं की आपण आधी तेच करतो. सरांना ते पाप वाटायचं. “चालू केलं की चालते, बरोबर. पण बंद काऊन पडलं होतं ते आता कोन सांगन?” असं म्हणून ते त्या माणसाच्या मशीनपाशी दुःखी चेहऱ्यानं उभे राहायचे.

उभे राहायचे हे मी मुद्दाम लिहिते आहे. सर दुसऱ्याच्या खुर्चीत बसत नसत. कोणत्याही विभागात गेले तरी दारातच थांबायचे. “आत या ना सर, बसा.” “नाई, उभा बरा हाय.” कोणाचा संगणक दुरुस्त करायचा तरी वाकून, कंबर मोडून, उभ्यानंच. मला ते नाटकी वाटायचं. एकदा एका लग्नासाठी मी गुडीहत्नूरला चालले होते आणि बसमध्ये ते शेजारी होते, तेव्हा मी विचारलंच.

“माहे बाबा बाजारहत्नूरकडं सालदार गडी होते,” ते म्हणाले. “मालकाकडं काही कामानं गेले की ओसरीच्या खाली उभे राह्यचे. मालक चांगला होता, बस म्हने. तरी बाबा बसत नव्हते. मी ईचारलं, काऊन बसत नाई? तर म्हने, बसलं की उठवते.”

मग ते म्हणाले, “मले आता कोनी उठवत नाई, ताई. पन पाय वळत नाई.” मग लगेच त्यांनी ड्रायव्हर गिअर कसा चुकीचा टाकतो ते मला सांगायला सुरुवात केली.

ज्या प्रकरणात त्यांचं शेवटचं वर्ष गेलं ते नेटचं. कॉलेजच्या इंटरनेटवर एक राखणदार असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. आत येणारं आणि बाहेर जाणारं सगळं त्याच्या हातातून जातं. आमचा राखणदार एका वेगळ्या, जुन्या संगणकावर होता, तो उन्हाळ्यात जळाला. संस्थेचे सचिव हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून फायरवॉलचा तयार डबा आणायला निघाले होते. सरांनी त्यांना थांबवलं. आमचा मोठा सर्व्हर अर्धा रिकामा पडून असतो, त्यातच एक खोटं मशीन तयार करून फायरवॉल त्यात चालवता येईल, म्हणाले. “एका घरात चार बिऱ्हाडं राह्यतात का नाई? तसंच.” सुट्टीत त्यांनी ते मांडलं, आणि जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर नेट रांगायला लागलं.

रांगायला म्हणजे किती, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. माझ्याकडे मुलं नियतकालिकांचे लेख वाचायला येत. पान वरून थोडं उघडायचं आणि थांबायचं, शीर्षक दिसतंय आणि खाली पांढरं. लेखा विभागात पद्मा मॅडम शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या. एक पान उघडेपर्यंत सरकारी साइट त्यांना बाहेर काढायची, की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचा तेलुगूतला त्रागा माझ्यापर्यंत ऐकू यायचा.

प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं. दिवाळीनंतर तपासणीची समिती येणार. तोवर हे नीट झालं नाही तर हैदराबादचा डबा येईल, त्याच्याबरोबर त्यांचा माणूस येईल, आणि रामटेके सरांनी परीक्षा विभागाची खिडकी सांभाळावी. त्या खिडकीवर हॉल तिकिटांना शिक्के मारायचं काम असतं. सर तिथून सरळ ग्रंथालयाच्या दारात आले.

“माही खोली गेली तर मी इथं कोन हाय, ताई?” ते म्हणाले.

“सर, अजून वेळ आहे.”

“शिक्के कोनीबी मारते.”

त्यांची निवृत्ती फार लांब नव्हती. पण मी एवढं तरी ओळखलं, की त्यांना त्या खोलीतूनच निवृत्त व्हायचं होतं.

मग त्यांचा नियम सुरू झाला. आज केबल बदलली. चार दिवसांनी स्विचचं भोक बदललं. मग खोट्या मशीनचं खोटं नेटवर्क कार्ड बदलून वेगळ्या जातीचं दिलं. मग त्या मशीनला मेमरी वाढवून दिली. प्रत्येक बदलानंतर सगळ्या विभागांत फेरी. दारात उभं राहून एकच प्रश्न, “आता कसं हाय?”

“बागुंदि सार, बागुंदि,” पद्मा मॅडम म्हणायच्या. ठीक आहे, ठीक आहे.

“आज जरा बरं वाटते सर,” मराठीचे कुलकर्णी सर म्हणायचे.

“फर्स्ट क्लास,” वाणिज्यवाले म्हणायचे.

मी म्हणायची, “सर, काही फरक नाही.”

त्यावर ते मान हलवायचे. “तुमी पुस्तकवाले. तुमाले सगळंच लवकर पाह्यजे.” आणि पुढच्या दाराकडे जायचे. पुस्तकवाल्यांना घाई असते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यातून मेमरी वाढवल्याच्या दिवशी सगळ्यांनी जरा जास्तच कौतुक केलं. त्यामुळे सरांना मेमरीचा नाद लागला. ते खोट्या मशीनला मेमरी देत राहिले, घरातल्या पोराला वाढावं तसं. इकडे माझी पानं अर्धीच. मी एकदा चिडून म्हटलं, “सर, तुम्ही स्वतः का बघत नाही?” तर म्हणाले, “रोज पाह्यतो. पळून राह्यलं.” आणि ते खरं होतं. त्यांच्या टेबलावरचा संगणक सोयीसाठी फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला जोडलेला होता. आणि फायरवॉलच्या स्वतःच्या पडद्यावरून मोजलं तरी वेग भरपूर यायचा. शेजारच्या लॅबमधल्या मशीनना नेट द्यायचंच नाही असा कॉलेजचा नियम, त्यामुळे तिथूनही काही कळायला मार्ग नव्हता. मग तक्रार करतं कोण? प्राचार्य. आणि त्यांना डबाच आणायचा आहे, असं सरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

या सगळ्यात त्यांचं पोट दुखत होतं. आधी कधीतरी, मग रोज. इथल्या डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या. सरांनी आठ दिवस एक घेतली, पुढचे आठ दिवस ती बंद करून दुसरी. मला कळलं तेव्हा मी अक्षरशः कपाळाला हात लावला.

“सर, तिन्ही मिळून एक औषध असतं.”

“मग गुण कशानं आला ते कसं कळन?”

गुण आलाच नव्हता. डॉक्टरांनी नागपूरला जाऊन तपासण्या करायला सांगितलं होतं. कुसुमवहिनींनी, त्यांच्या बायकोनं, मला दोनदा फोन केला, “ताई, तुमचं ऐकतात ते, सांगा.” मी सांगितलं. ते म्हणाले, “हे एक संपू द्या. मग ते.” लवकर गेले असते तर काही वेगळं झालं असतं का, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

दसऱ्याच्या सुमारास एके दिवशी पद्मा मॅडम प्राचार्यांच्या केबिनमधून भांडून बाहेर आल्या. नेटमुळे चार मुलींचे अर्ज अडकले होते. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, तुम्ही रामटेके सरांना तर रोज चांगलं आहे म्हणता.”

पद्मा मॅडम माझ्याशी हिंदीत बोलतात. “उनका मूँ देखके कैसा बोलना, मॅडम? आदमी आधा हो गया. नै हुआ सर बोली, तो कल भी वैसाइच दरवाजे में खड़े रहते. मेरेसे नै देखा जाता.”

मी कुलकर्णी सरांना विचारलं. तेही तेच म्हणाले, जरा सभ्य भाषेत. सगळं कॉलेज त्या माणसावर माया करत होतं, आणि त्या मायेनं त्याची सगळी मोजमापं नासली होती.

मी संगणक विभागात गेले. सर चहा पीत होते, त्या टाकीच्या पाण्याचा.

“सर, सगळे तुम्हाला खोटं सांगतात. नेट कोणाचंच सुधारलेलं नाही.”

“काऊन सांगन खोटं?”

“तुमच्या तोंडाकडे बघून.”

“तोंडाचा काय संबंध?” त्यांनी पेला ठेवला. “म्हंजे इतके दिवस मी करून काय राह्यलो?”

मी समोरचं स्टूल ओढून बसले.

“तुमी एकट्याच म्हनत होत्या.”

“हो.”

“बाकीच्याईपेक्षा वेगळा आकडा आला की सोडून देते, ताई. तसा नियम हाय. मी तुमाले सोडून देल्लं होतं.”

ती माफी होती की स्पष्टीकरण, मी अजून ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथालयाच्या दारात येऊन थांबले. मुलं नुकतीच यायला लागली होती. मी वर बघेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “एखादी खुर्ची मोकळी हाय का?”

मी खिडकीजवळची दाखवली. ते आत आले आणि बसले, अगदी कडेवर, उठायला सोपं पडेल असे. एक लेख उघडायला घेतला. शीर्षक आलं, खाली पांढरं. त्यांनी मला हाक मारली नाही, माउसही हलवला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते वाट बघत राहिले. शेजारच्या संगणकावर एक मुलगी आली, थोडा वेळ बसली, दप्तर उचलून गेली. मग दुसरा मुलगा आला, तोही गेला.

“रोज असंच हाय?”

“जूनपासून.”

“आन् पोरं?”

“बघताय ना. उठून जातात.”

त्या खुर्चीत ते दुपारपर्यंत होते. मध्येच ते स्वतःशी बोलल्यासारखं मला समजावू लागले. मला समजलं ते असं. नेटवरून येणारा मजकूर लहान लहान पाकिटांतून येतो, आणि प्रत्येक पाकिटावर पडताळणीचा एक आकडा असतो. आकडा जुळला तर पाकीट घ्यायचं, नाहीतर फेकायचं आणि पुन्हा मागवायचं. खरं कार्ड असेल तर तो आकडा घालायचं काम फायरवॉल कार्डावर सोडते. इथलं कार्ड खोटं. फायरवॉल म्हणते कार्ड घालेल, कार्ड काही घालत नाही, आणि पाकिटं तशीच पुढे जातात. आमचे संगणक ती फेकतात आणि पुन्हा मागवतात. फायरवॉलनं स्वतःसाठी मागवलेला मजकूर या फेऱ्यात सापडत नाही, म्हणून त्यांच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. त्यांनी वेग राखणदारापर्यंतच मोजला होता. राखणदाराच्या हातून पुढे गेलेला कधी मोजलाच नव्हता.

“मग आता काय करायचं?”

“कार्डावर सोडू नको, तूच आकडा घाल, असं तिले सांगाचं. एक खूण कराची अस्ते.” मग म्हणाले, “ते मी ऑगस्टातच केलं होतं.”

“मग?”

“फरक दिसला नाई. पुसून टाकलं.”

ते खोलीत गेले, खूण करून परत आले, बसले. पान अर्धंच. मला वाटलं, झालं, पुन्हा मेमरी. पण ते उठले, आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

“ते लागू व्हाले बंद करून चालू करावं लागते,” ते म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांनी तेवढंच केलं नव्हतं.

सगळ्या कॉलेजचं नेट थोडा वेळ गेलं. लेखा विभागातून पद्मा मॅडमचा आवाज आला. सर परत येऊन खुर्चीत बसले, लेख उघडला, आणि पान आलं. अख्खं, तळटिपांसकट, मी डोळ्यांनी वरून खाली जाईपर्यंत.

मला हसू आलं. “झालं, सर.”

“थांबा,” ते म्हणाले, आणि उठून गेले. थोड्या वेळानं पुन्हा नेट गेलं. परत आलं तेव्हा पान पुन्हा अर्ध्यावर अडकलेलं. त्यांनी बदल काढून टाकला होता.

“सर, हे काय?”

“कशानं झालं ते पाह्यतो.”

“झालं ना पण.”

“झालं, पन कशानं?”

मी रागानं पुस्तकं लावायला निघून गेले. तिसऱ्यांदा नेट गेलं आणि आलं, आणि मग ते पळायला लागलं ते कायमचं. मी कपाटाआडून पाहिलं. ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना आमच्याकडे टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात ते प्रत्येक विभागात गेले, पण विचारायला नाही. “आता कसं हाय” म्हटलं तर लोक तेच म्हणणार हे त्यांना कळून चुकलं होतं. ते आत जायचे आणि म्हणायचे, जरा उठता का. पद्मा मॅडम लगबगीनं उठल्या, ओढणीनं खुर्ची पुसायला लागल्या, तर म्हणाले, “पुसू नका, मी काय पाव्हना हाय का?” आणि बसून त्यांच्या शिष्यवृत्तीची साइट उघडली. मॅडम शेजारी हात बांधून उभ्या होत्या, तोंडी परीक्षेला आल्यासारख्या.

शेवटी कुसुमवहिनींनी त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. समिती यायला अजून थोडे दिवस होते. ते निघायचे त्या सकाळी प्राचार्यांनी स्वतः ग्रंथालयात येऊन दोन-तीन साइट उघडून पाहिल्या, माझ्याच टेबलाशी उभं राहून सचिवांना फोन केला आणि सांगितलं की हैदराबादचा डबा नको, आपल्याच माणसाकडे राहू द्या. फोन संपायच्या आत मी निघाले आणि रिक्षा करून बसस्टँडवर गेले.

नागपूरची बस उभी होती. सर खिडकीत होते, स्वेटर घालून, हवा तेवढी थंड नसताना. वहिनींच्या मांडीवर तपासण्यांच्या कागदांची पिशवी होती.

“सर, डबा रद्द,” मी खालून सांगितलं. “खोली तुमचीच आहे. आत्ता प्राचार्यांनी फोन केला.”

वहिनींनी डोळे मिटून घेतले. सरांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवले. मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

“त्याईले म्हना, इतक्यात रद्द नोका करू,” ते म्हणाले. “अजून आठ दिवस पाहा म्हना.”

“सर, चाललंय ते चांगलं.”

“चालून राह्यलं. पन समितीच्या दिवशी सगळे एकदम बसन, तवा काय होते ते आपून पाह्यलं नाई. डबा हाताशी असू द्या म्हना.”

“अहो, तुमचीच खोली आहे ती,” वहिनी म्हणाल्या. “कोनासाठी भांडून राह्यले?”

“खोलीचं वेगळं. नेटचं वेगळं,” सर म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुन्हा, “सांगान ना?”

“सांगते,” मी म्हटलं.

कंडक्टरनं घंटी मारली. बस फाटकातून हायवेकडे वळेपर्यंत सर मान वळवून माझ्याकडेच बघत होते, मी नीट ऐकलं की नाही याची खात्री करत असल्यासारखे. मी हात वर केला. मग कॉलेजात परत आले आणि प्राचार्यांच्या केबिनवरून सरळ ग्रंथालयात गेले. तो निरोप मी कोणालाही दिला नाही.